पयले आवाज बंद

पांढुर्ण्याच्या त्या खासगी दवाखान्यात नव्यानं पास झालेल्या नर्सांना अतिदक्षता विभागाचं काम शिकवायची ती कमल सिस्टर. शिकवायला एक रबरी पुतळा आणि एक जुना मॉनिटर. पुतळ्याला कुठली आलीय नाडी! मॉनिटर सारखा कोकलायचा. कमलचं डोकं उठायचं. "पयले त्याचा आवाज बंद करा, मंग हात लावा," ती ओरडायची. पोरी गुणाच्या, सांगितलं ते त्यांच्या हातात बसलं.

सोमवारी त्यांतल्याच लोधीखेड्याच्या तृप्तीनं श्वासयंत्रावर ठेवलेल्या एका म्हाताऱ्या पेशंटच्या, दादाजींच्या, घशातल्या नळीतून कफ ओढला. तिगावचे दादाजी काही पुतळा नव्हते. पण तृप्तीचा हात सवयीनं आधी यंत्राचा आवाज बंद करायच्या बटणावर गेला. कफ काढून श्वासयंत्राची नळी परत जोडली ती ढिली बसली, आणि ओरडून सांगायचं ते यंत्र मुकं. शेजारच्या खाटेजवळून कमलला दादाजींचे निळे ओठ दिसले. तिनं धावत येऊन नळी घट्ट बसवली. दादाजी वाचले, थोडक्यात.

"हेच शिकवलं का तुला?" डॉक्टर गरजले.

तृप्तीनं एकदा कमलकडे पाहिलं. "नाही जी. सिस्टरनं बराबर शिकवलं होतं. मीच विसरली."

कमलनं तोंड उघडलं नाही. वीस वर्षांचं नाव होतं तिचं. डॉक्टरांनी तृप्तीला घरी पाठवलं; शुक्रवारी कायमचा निर्णय. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर तिथंच मान खाली घालून उभा.  चार दिवस कमलला स्वतःचीच लाज वाटत होती.

शुक्रवारी सकाळी नवी तुकडी पुतळ्याभोवती जमली. कमल काही बोलायच्या आत त्यातल्या उर्वशीनं मॉनिटरचा आवाज बंद केला.

"तुले कोनं सांगतलं?"

"तृप्तीताईच्या वहीत हाय न जी. मले शिकाले देली होती मागच्या मयन्यात."

कमलनं तिच्या हातातली वही ओढून घेतली, पान उघडलं, आणि शिकवणं तसंच टाकून डॉक्टरांच्या खोलीत गेली. वही त्यांच्यापुढं ठेवली.

"सर, तृप्ती काहीच विसरली नव्हती," ती म्हणाली. "वाचा."

पहिल्याच ओळीखाली लाल शाईच्या दोन रेघा होत्या: 'आधी आवाज बंद. कमल सिस्टरचा नियम. कधीच विसरायचा नाही.'