मऊ आवाजातलं उत्तर

किनाऱ्यावरच्या रेडिओ केंद्रात तिने हेडफोन कानांवर घट्ट दाबले आणि आवाजाची कळ फिरवली. खरखरीतून माणसाचा आवाज वर आला.

"इंजिनरूममध्ये पाणी शिरलंय. अकरा जण आहोत. मदत पाठवा!"

पुढे त्याने जहाजाचं नाव सांगितलं आणि तिची पेन्सिल थबकली. कप्तान तोच होता. चार वर्षांपूर्वी तिच्या धाकट्या भावाची मासेमारी बोट बुडाली, तेव्हा ह्याचं जहाज दोन मैलांवर होतं. तेव्हा किनाऱ्यावर बचावबोट नव्हती. भावाच्या तासभराच्या हाका तिने ह्याच खुर्चीत बसून ऐकल्या होत्या. चौकशीत कप्तानाने खांदे उडवले होते. "आमच्या रेडिओवर काही ऐकू आलं नाही."

तिने ठिकाण टिपलं आणि लगेच बचावबोटीच्या तांडेलाला फोन लावला.

"चाळीस मिनिटांत पोचतो, ताई," तो म्हणाला. "तोवर त्यांना धीर द्या."

फोन ठेवून तिने माईकचं बटण दाबलं.

"आवाज येत नाही. पुन्हा सांगा."

कप्तानाने पुन्हा सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून.

"काहीच ऐकू येत नाही."

तो ओरडला. मग शिव्या घातल्या. मग गयावया करू लागला. "अहो, कुणीतरी ऐका हो!" दर वेळी तिने तेच उत्तर दिलं, मऊ आवाजात. खिडकीबाहेर लख्ख दुपार होती. टेबलावरचा चहा केव्हाच गार झाला होता. तो तिने घोट घोट चवीने संपवला. मदत तर निघालीच आहे, कुणाचं काय बिघडतंय? भोगू दे त्याला चाळीस मिनिटं.

शेवटी तो गप्प झाला.

थोड्या वेळाने तांडेलाचा आवाज आला. "पोचलो, ताई. दहा जणांना घेतलं."

"कप्तान?"

"धडधाकट आहे."

"अकरा होते ना?"

"अकरावा म्हातारा स्वयंपाकी. कप्तानाच्या मागे उभा राहून सगळं ऐकत होता म्हणे. आपली हाक कुणाला पोचतच नाही, आता कोण येणार, असं म्हणाला आणि फळी घेऊन उडी टाकली. आम्ही दिसायच्या पाच मिनिटं आधी." रेडिओ खरखरला. "फळी सापडली."

तिने रिकामा कप बाजूला सरकवला.

"घरी बायको आहे त्याची. कळवायला हवं कुणीतरी."

"नंबर घ्या," ती म्हणाली. "मी करते फोन."

तिने पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. टोक होतंच. ती काढत राहिली.