दुसरी वाटी

"काका, बुडाली की वाटी. बांध फिरवू?" तुदाने विचारलं.

तळाला भोक पाडलेली तांब्याची वाटी बादलीच्या तळाशी गेली होती. वाटी बुडाली की एकाची पाळी संपते आणि पाट दुसऱ्याच्या शेताकडे वळतो. हम्मू चाळीस वर्षं हेच राखत बसला होता. सख्ख्या भावालाही त्याने कधी थेंब जास्त दिला नाही. भाऊ मरेपर्यंत त्याच्याशी धड बोलला नव्हता.

"राहू दे," म्हणत त्याने वाटी उचलली, रिकामी केली आणि पुन्हा तरंगत सोडली.

डोंगरातून भुयाराने येणारं पाणी आता करंगळीएवढं झालं होतं. परदेशाशी करार झाला, कलिंगडावरची जकात उठली, आणि वरच्या माळावर कंपनीने खोल बोअर मारले. कलिंगडांचे ट्रक बंदराकडे जात होते. इकडे विधवा तुदाचे जव दाण्यावर येऊन करपत होते. तिची पाळी संपली होती आणि पुढची ज़ैदची होती. हम्मूने त्याचं पाणी चोरलं, सरळ सांगायचं तर.

संध्याकाळी तो ज़ैदकडे गेला. ज़ैद पाणीवाल्यांचा, म्हणजे पाटाच्या वाटेकऱ्यांचा, पंच. कलिंगडं भरायच्या कामावर निघाला होता.

"तुझी पाळी मी तुदाला दिली. दंड लाव."

"माझ्या शेतात आहे काय काका, धुरळा! तिला रोज द्या की."

"रीत आहे ना पण."

"बरं बाबा, शुक्रवारी सगळ्या पाणीवाल्यांना जेवू घाला. झालं समाधान?" ज़ैद हसत टेम्पोत चढला.

हम्मूने घरातला एकुलता एक बोकड कापला.

"चोरी वाटीभर आणि दंड बोकडाचा," बायको इत्तो कुस्कुसचा रवा वाफवताना पुटपुटली. "तुमची अब्रू मला फार महाग पडते."

शुक्रवारी नमाजानंतर अकरा जणांसाठी चटया पसरल्या. तुदा तेवढी आली. तासाभराने टेम्पोवाल्याने दारात एक तडकलेलं कलिंगड आणून ठेवलं.

"ज़ैदने पाठवलंय. जहाजाची वेळ आहे, कोणाला सुट्टी नाही. जेवलो असं समजा म्हणाला."

कुस्कुस गार झालं. आपली चोरी कोणाला लागलीसुद्धा नाही, याचं हम्मूला रडू आलं. त्याने पागोट्याच्या शेवाने डोळे पुसले.

"दंड फिटला नाही," तो म्हणाला. "पुढच्या शुक्रवारी परत बोलावू."

"बोकड कुठून आणणार?" इत्तोने विचारलं.

 कलिंगडाच्या चिरेतून पाणी झिरपत होतं. तुदा उठली आणि तिने त्याखाली एक पातेलं सरकवलं.