तिसाव्या पानावरची भट्टी

टियार्क्सबाईंची सहावी क म्हणजे पुस्तक दिसलं की पोटात दुखणारी बावीस पोरं. पण हरवलेल्या बदकाची रहस्यकथा बाईंनी वाटली आणि वर्ग चक्क चिडीचूप झाला. बाईंना भरूनच आलं.

वाटली म्हणजे तीसच पानं वाटली. पुस्तक दोनशे पानांचं, शाळेत प्रत एकच, आणि वर्गासाठी पंधरा टक्क्यांहून जास्त झेरॉक्स काढायची नाही असा कायदा. मुख्याध्यापक ओन्केनसरांनी तो मशीनवर चिकटवला होता, वर पानंही स्वतः मोजायचे. तिसाव्या पानाच्या तळाशी हवालदार बेकरीच्या भट्टीचं दार उघडतो. बस्स.

"बाई, आत कोण आहे?" विब्के किंचाळली.

"कायदा इथे संपतो," बाई म्हणाल्या.

बावीस प्रती मागवायचा अर्ज ऑक्टोबरपासून सरांच्या टेबलावर पडून होता. बाईंना पुढचं मोठ्याने वाचून दाखवता आलं असतं. पण मग पोरं नुसती ऐकत बसली असती, आणि बाईंना तर ती वाचायला हवी होती. ही संधी हुकली तर पुन्हा कसली पुस्तकाला हात लावताहेत! बाई रोज जाऊन तो अर्ज गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवून येत.

पोरांनाही दम निघेना. त्यांनी पुढची गोष्ट स्वतःच लिहायला घेतली आणि आठवड्यात चाळीस पानी वही भरून टाकली. शाळाभर तिचीच चर्चा. शेवटी खडीसाखरेचा चहा ढवळत ओन्केनसर वर्गात आले.

"आण गं ती वही. बघू काय दिवे लावलेत."

विब्केने वही छातीशी धरली. "लेखक आम्ही आहोत, सर. चाळीसाचे पंधरा टक्के, म्हणजे सहा पानं."

तिने मोजून सहा झेरॉक्स आणून दिल्या. सर उभ्या उभ्या वाचू लागले. चहा गार झाला. सहावं पान उलटून त्यांनी मागेही पाहिलं.

"भट्टीत बदकाशेजारी कोण बसलंय?"

"कायदा इथे संपतो, सर."

सर लालबुंद झाले. टियार्क्सबाईंनी हसू दाबत अर्जाची दुसरी प्रत पुढे केली, वर पेनही. सरांनी भिंतीवर कागद टेकवून सही ठोकली.

"आता तरी सांगा!"

"पुस्तकं आली की सातवं पान देऊ," विब्के म्हणाली.

सर दारापर्यंत गेले आणि परत फिरले. "निदान एवढं सांग बाळ, बदक जिवंत आहे ना?"

बावीस पोरांनी एकदम वहीवर हात ठेवले.