तिसरा घरजावई

ओसाकात मिसो, म्हणजे सोयाबीनचं आंबवलेलं खारट वाटण, विकणाऱ्या सोएमोनने आजवर दोन घरजावई हाकलले होते. पहिला गेला तेव्हा सोएमोनची मुलगी ओनुई मुळ्याचं लोणचं घालत होती, मान वर न करता घालत राहिली. दुसरा गेला तेव्हा ती झोपली होती. लेक असावी तर अशी, असं सोएमोन गल्लीभर सांगायचा.

तिसऱ्याने, योशिचीने, गप्पांच्या नादात मीठच कमी घातलं आणि मिसोचं अख्खं पिंप नासून गेलं. सोएमोनने त्याला दार दाखवलं. योशिची बिचारा खाली मान घालून चपला शोधू लागला. तेवढ्यात ओनुई बोचकं घेऊन बाहेर आली.

"तू कुठे निघालीस?"

"ह्यांच्याबरोबर."

"का?"

"आवडतात मला."

दुकानातली गिऱ्हाइकं आ वासून बघत राहिली. सोएमोनचे कान लाल झाले. "आवडतात? अगं, नवरा आहे तो तुझा! लाज नाही वाटत?"

"अहो," त्याची बायको ओमिने आतून म्हणाली, "परवा बाहुल्यांच्या खेळातली ती कलावंतीण नि तिचा प्रियकर प्रेमापायी मेले, तेव्हा ढसाढसा कोण रडत होतं?"

"ती कलावंतीण होती! तिच्यावर जीव जडला तर समजू शकतो. लग्नाच्या नवऱ्यावर? दुकान चालवायला आणलेल्या माणसावर? ही कसली नवी थेरं!"

"नवी असतील," ओनुई म्हणाली. "निघतो आम्ही, बाबा."

ती खरंच निघाली. एकुलती एक पोर. आधाराला म्हणून सोएमोन बायकोकडे वळला. तोही या घरात जावई म्हणूनच आला होता. दुकान सासऱ्याचं, पिंपं सासऱ्याची.

"तुझ्या बापाने मला हाकललं असतं, तर तू आली असतीस?"

ओमिनेने प्रामाणिकपणे विचार केला. "नसते आले. पण बोचकं नीट बांधून दिलं असतं हो."

सोएमोन उंबऱ्यावरच बसला. त्याला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि योशिचीचा असा हेवा वाटला की रागसुद्धा विसरला. मग उठून तो रस्त्यावर धावला आणि लेकीच्या हातातलं बोचकं ओढून घेतलं.

"चला घरात. मिठाचं मी बघेन." त्याने इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. "पण बाहेर कुणाला सांगू नका हं. नवराबायकोचं एकमेकांवर प्रेम आहे म्हटल्यावर लोक काय म्हणतील?"