दोन सेंटांचं गिऱ्हाईक

विनिपेगच्या गार्थने नोकरी सोडली नव्हती, एवढंच काय ते शहाणपण. तो इंटरनेटवर एका दुकानाच्या कुत्र्यांच्या पट्ट्यांची जाहिरात करायचा. कुणी पट्टा घेतला की त्याला कमिशन. जाहिरातीची जागा त्याने स्वस्तात स्वस्त घेतली, एका क्लिकला दोन सेंट. आठवड्यात चार हजार क्लिक पडले, पट्टा मात्र एकही खपला नाही.

"लोक विचार करतायत," तो बायकोला म्हणाला.

मार्लीनने टॅबलेट दाखवला. मांजरांसाठी बनवलेल्या खेळातल्या माशांवर त्यांची मांजर पंजे मारत होती. मध्येच गार्थची जाहिरात आली. तिच्यावरही पंजा बसला आणि पट्ट्यांचं पान उघडलं.

"गिऱ्हाइकं रग्गड आली रे बाबा," मार्लीन म्हणाली, "पण खिसा एकालाही नाही."