कच्च्या वहीतल्या सहा दीर्घिका

मित्रांनो, मी वेधशाळेतील एक जुनी कच्ची वही. 'कच्ची' हा माझा अपमान नव्हे, हुद्दा आहे. दुर्बिणीतून जे दिसते ते आधी माझ्यात पेन्सिलीने उतरते. दुसऱ्या दिवशी गणित होऊन ते पक्क्या वहीत शाईने जाते आणि शेवटी सूचीत छापले जाते. लोक वाचतात ती सूची. माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही.

माझे मालक निरीक्षक होते. दूरच्या दीर्घिका त्यांच्या दुर्बिणीत काचेवर उमटलेल्या श्वासाच्या डागासारख्या दिसत. अशा दीर्घिकेची जागा थेट मोजता येत नसे. शेजारचा एखादा ठळक तारा धरायचा, त्याच्यापासून ती किती पूर्वेला आणि किती उत्तरेला हे मोजायचे, मग ताऱ्याची जागा तारासूचीतून घेऊन त्यात ते मिळवायचे. हिवाळ्यातल्या एका रात्री त्यांनी एकाच ताऱ्यावरून सहा दीर्घिका मोजल्या. बोटे गारठली होती, तरी त्या ताऱ्याचे चित्र त्यांनी माझ्या पानाच्या कोपऱ्यात काढले: एक मोठा ठिपका आणि त्याला खेटून दोन बारके.

सूची छापून आली तेव्हा कौतुक झाले. पुढे मोठ्या दुर्बिणी आल्या. त्यांतून त्या सहा जागी पाहिले, तर आकाश कोरे. सहाही नोंदींपुढे 'आढळत नाही' असा शेरा पडला, आणि मालकांना 'थापाडे' हे नाव पडले. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी मला घरी नेले. ते गेल्यावर मी बरीच वर्षे शिवणयंत्राच्या आखूड पायाखाली होते. तेथे माझे काम चोख होते. यंत्र हलत नसे.

मला बाहेर काढले ते त्यांच्या मुलीने. ती आता पंचाहत्तरीची, निवृत्त परिचारिका. वेधशाळा जुनी सूची तपासत असून न सापडलेल्या नोंदी शुक्रवारी कायमच्या वगळणार, असे तिच्या कानावर आले होते. बुधवारी तिने मला ते काम करणाऱ्या संशोधिकेच्या टेबलावर ठेवले.

"बाबा चिडके होते, विसराळू होते, पण थापाडे नव्हते," ती म्हणाली. "तू एकदा बघ."

"काकू, मुलगी म्हणून तुम्ही असं म्हणणारच. तो पुरावा होत नाही."

"म्हणून तर वही आणली. नाहीतर नुसतं भांडायला आले असते."

संशोधिका हसली आणि तिने मला उघडले. कोपऱ्यातल्या चित्रावर ती थबकली. पक्क्या वहीतल्या गणितात धरलेला तारा तिने पडद्यावर आणला. तो एकटाच होता. मग तारासूचीत त्याच्या खालच्याच ओळीत असलेला तारा आणला. त्याला खेटून दोन बारके तारे होते. मालकांनी रात्री पाहिला एक तारा आणि सकाळी झोपाळल्या डोळ्यांनी जागा वाचली दुसऱ्याची. मोजमाप अचूक होते. गणितात धरलेला तारा तेवढा चुकला होता.

दोन ताऱ्यांत जेवढे अंतर, तेवढ्याने तिने सहाही जागा सरकवल्या. पाच ठिकाणी दीर्घिका निघाल्या, नोंदवलेल्या तेजाच्याच. सहाव्या ठिकाणी काही नव्हते.

"ही काय, बाजूलाच आहे की एक," मुलीने पडद्यावर बोट ठेवले. "तीच असेल."

"ती फार अंधुक आहे, काकू. त्यांच्या दुर्बिणीतून दिसलीच नसती."

"पाच बरोबर निघाल्या, मग सहावीसाठी एवढं काय ताणतेस?"

"सोयीची म्हणून ही लिहिली, तर थापाडी मी ठरेन."

संशोधिकेने माझे पान दिव्याखाली तिरपे धरले. सहाव्या नोंदीपुढे एक बारीक, जवळजवळ पुसले गेलेले प्रश्नचिन्ह होते. पक्क्या वहीत ते उतरलेच नव्हते. गाळले की राहून गेले, हे मला सांगता येणार नाही. तेव्हा मी मिटलेली होते.

मुलीने चष्मा पुसून पुन्हा लावला. "म्हणजे त्यांना स्वतःलाच खात्री नव्हती."

"आणि तसं त्यांनी लिहून ठेवलं होतं."

"मग तूही तेच लिही," ती म्हणाली.

शुक्रवारी पाच नोंदी दुरुस्त जागी गेल्या. सहावी वगळली नाही. तिच्यापुढे 'ओळख अनिश्चित, निरीक्षकालाही शंका' असे आले.

मित्रांनो, पक्की प्रत झाली म्हणून कच्ची फाडू नका. चुकलेले खरवडू नका. एक रेघ मारा, खालचे वाचता आले पाहिजे. आणि शंका आली तर ती जरा दाबून लिहा. माझ्या मालकांची शंका वाचली जायला बावन्न वर्षे लागली.