अडसराचं नाव

सिडनीच्या त्या हँगरमध्ये हत्यारांच्या फळीवर प्रत्येक वस्तूखाली तिचं नाव रंगवलेलं होतं. हातभर लांबीच्या एका तांबड्या लोखंडी अडसराखाली मात्र माणसाचं नाव होतं: हॉस्किन.

अकरा वर्षं क्लॅरी हॉस्किन रोज सकाळी त्या फळीसमोरून कामावर जात होता.

परदेशात एखादं विमान इंजिन बिघडून अडकलं, की दुसरं इंजिन पोचवायची रीत ठरलेली होती. प्रवासी घेऊन निघणाऱ्या जंबोच्या डाव्या पंखाखाली, धडाजवळ, पाचवं इंजिन टांगायचं. ते चालत नाही, नुसतं ओझं. पुढच्या पंख्याची पाती काढून पेट्यांत भरायची, तेल काढून घ्यायचं, मधला दांडा अडसराने जखडायचा आणि तोंडावर टोपण चढवायचं. अडसर राहून गेला, तर वाऱ्याच्या झोताने इंजिन कोरडंच फिरत राहतं आणि मुक्कामी पोचेपर्यंत बेअरिंगांचा कोळसा होतो.

बहात्तर साली तसा कोळसा झाला होता. त्या दुपारी फोरमन नेविल प्राउसने क्लॅरीला दुसऱ्या विमानाच्या चाकाकडे पिटाळलं होतं. जा तू, अडसर मी लावतो, असं म्हणाला होता. चौकशीत ते वाक्य त्याने गिळलं. क्लॅरीचा परवाना दोन वर्षं गेला, आणि ती दोन वर्षं त्याने विमानांचे संडास दुरुस्त करण्यात काढली. परवाना परत मिळाला, पुढे तो तपासनीसही झाला. फळीवरचं नाव तेवढं राहिलं. ते प्राउसनेच रंगवलं होतं, सगळ्यांना हसवत. नव्या कामगारांना तर हॉस्किन हे अडसर बनवणाऱ्या कंपनीचं नाव वाटे.

आता त्र्याऐंशी सालच्या मार्चमध्ये प्राउस शेवटचं इंजिन टांगत होता. ज्याने टांगलं त्याने सोबत जायचं, हा तिथला रिवाज. प्राउस त्याच विमानाने लंडनला जाणार होता आणि तिथला प्रमुख म्हणून तिथेच राहणार होता.

सकाळी सव्वादहाला क्लॅरी फळीसमोर थांबला. हँगरमधला तो एकुलता एक अडसर फळीवरच होता. तिकडे इंजिनावर टोपण चढत होतं. क्लॅरीने खिशातल्या वहीत वेळ टिपली आणि चहाला गेला. सॉस घालून खिमा भरलेला एक मीट पाय खाल्ला, शेवटच्या तुकड्यापर्यंत.

एक वाजता प्रवासी बसले. दोन बडे साहेब निरोप द्यायला पंखाखाली येऊन उभे राहिले. नव्या करड्या सुटातल्या प्राउसने स्वतःची सही केलेला कागद क्लॅरीपुढे धरला.

"सगळं झालंय, क्लॅरी. तुझा हॉस्किनही लावलाय," तो म्हणाला. मागे कोणी तरी खुसखुसलं.

"दाखव."

"टोपण बसलंय. आता काय दाखवू?"

"टोपण काढ."

प्राउसने आवाज खाली आणला. चारशे माणसं आत बसलीत, साहेब बघताहेत, आजचा दिवस तरी सोड, असं तो म्हणाला. क्लॅरीने ऐकून घेतलं आणि एन्झो नावाच्या फिटरला फळीवरची तांबडी वस्तू घेऊन यायला सांगितलं. एन्झो गेला तेव्हा हसत होता. अडसर खांद्यावर घेऊन परत आला तेव्हा कोणीच हसत नव्हतं.

"तुला कधीपासून माहीत होतं?" प्राउसने विचारलं.

"सव्वादहापासून."

"आणि गप्प बसलास?"

"फोरमनची सही झाल्याशिवाय तपासनीसाने तोंड घालायचं नाही. बहात्तरनंतर हा नियम तूच केलास, नेव्ह. चांगला नियम आहे."

मग क्लॅरीने साहेबांना ऐकू जाईल असं सांगितलं, की ज्याची सही त्यानेच अडसर लावायचा. साहेबांनी मान हलवली. प्राउस त्या करड्या सुटातच शिडी चढला. डावीकडच्या खिडक्यांत चेहरे दाटले होते. टोपण उतरून, अडसर लागून, टोपण पुन्हा बसेपर्यंत दोन तास दहा मिनिटं गेली. उशिराचं कारण क्लॅरीने नोंदवहीत एका ओळीत लिहिलं, प्राउसच्या नावासकट. ती ओळ सुचायला त्याला वेळ लागला नाही.

विमानासोबत प्राउसऐवजी एन्झोला धाडलं, अंगावरच्या कपड्यांनिशी. लंडनची जागा पुढे तिसऱ्याच माणसाला मिळाली.

त्या दिवशी विमान गेल्यावर कुंपणापाशी प्राउसने क्लॅरीला गाठलं. हातांना अजून वंगण होतं. "बहात्तरचं खरं काय ते मी त्यांना सांगतो," तो म्हणाला. "तू म्हणशील तर आत्ता सांगतो."

अकरा वर्षं क्लॅरी याच वाक्याची वाट पाहत होता. त्याने प्राउसच्या सुटाकडे पाहिलं.

"आता नको," तो म्हणाला. "ते तुझ्यापाशीच राहू दे."

फळीवर अडसराखाली नव्या नावाची पट्टी कोणी चिकटवली, ते क्लॅरीने विचारलं नाही. जूनमध्ये पुढचं इंजिन टांगलं तेव्हा एन्झो कागद घेऊन आला.

"प्राउस लावलाय, क्लॅरी."

"दाखव," क्लॅरी म्हणाला.